मेंदूत पसरलेला कॅन्सर आणि फक्त गाठीवर दिलेला शेक: नातेवाईक मला विचारतात ते प्रश्न

मी रेडिएशन विभागात तंत्रज्ञ आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसं मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली असतात, मांडीवर फिल्मची पिशवी असते आणि मी दार उघडून बाहेर आले की प्रश्न सुरू होतात. बहुतेक प्रश्न तेच असतात, पण विचारणाऱ्याच्या घरात ते पहिल्यांदाच उभे राहिलेले असतात, म्हणून एकदा सगळे लिहून काढले. औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार. त्यांच्या खोलीत जाण्याआधी हे वाचून जा.

डॉक्टर म्हणाले, ‘एसआरएस करू’. म्हणजे डोकं उघडणार का?

नाही. पूर्ण नाव स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी. त्या ‘सर्जरी’ शब्दामुळेच माणसं घाबरतात. यात सुरी नाही, टाके नाहीत, पूर्ण भूलही नाही. हा शेकच, म्हणजे रेडिएशनच आहे, फक्त फार नेमका.

शेताच्या चारी बांधांकडून बारीक बारीक पाट सोडले, तर वाटेतली माती थोडीच भिजते. सगळे पाट मिळतात त्या वाफ्यात मात्र पाणी साचतं. तसंच इथे किरणांचं होतं. वेगवेगळ्या दिशांनी बारीक किरण सोडतात. मेंदूच्या चांगल्या भागातून जाताना प्रत्येक किरणाचा त्रास नगण्य असतो, पण सगळे जिथे मिळतात तिथे, म्हणजे गाठीत, मोठा डोस पडतो. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना १९५१ मध्ये मांडली.

गॅमा नाइफमध्ये कोबाल्ट-६० चे स्रोत असतात, नव्या यंत्रात १९२. सायबरनाइफमध्ये यंत्रमानवाच्या हातावर छोटं मशीन फिरतं. आपल्याकडे जास्त करून लिनॅकवरच, म्हणजे नेहमीच्या शेकाच्या मशीनवरच, हे काम होतं. ‘कोणतं मशीन भारी?’ असं सगळे विचारतात. माझ्या मते मशीनच्या नावापेक्षा ते चालवणारी टीम हे काम किती वेळा करते, ते बघा.

माय दोन आठवड्यांपासून नावं विसरायलीय. हे वयामुळे की डोक्यात गेल्यामुळे?

आधी कॅन्सर झालेल्या माणसात असा बदल दिसला तर वय, उन्हाळा, उपास यांच्यावर ढकलू नका. सकाळी उठल्या उठल्या जास्त दुखणारं डोकं, जेवणाशी संबंध नसलेली उलटी, एका हातातून पेला निसटणं, चालताना एका बाजूला झोक जाणं, जीभ जड होणं, पहिल्यांदाच आलेली फिट. आणि स्वभाव बदलणं, जे घरच्यांना सगळ्यात आधी कळतं आणि सगळ्यात उशिरा सांगितलं जातं. एका बाईंच्या लेकीने मला सांगितलं, ‘आई भाकरी थापायची, पण दोन भाकरींनंतर तिसरी कशी करायची तेच आठवेना.’ ही खूण कुठल्याही रिपोर्टइतकीच मोलाची होती.

मेंदूत पसरण्याचं प्रमाण फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये जास्त दिसतं. मूत्रपिंडाचा कॅन्सर आणि मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर, हेही मेंदूकडे जाणारे आहेत.

एमआरआयमध्ये गोल डाग दिसलाय. म्हणजे कॅन्सरच ना?

बहुतेक वेळा असतो, प्रत्येक वेळी नसतो. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मेंदूत एकच गाठ असलेल्या, आधीपासून कॅन्सरचे रुग्ण असलेल्या ५४ जणांचा तुकडा तपासला गेला. त्यातल्या ६ जणांना मेंदूत कॅन्सर नव्हताच. आपल्याकडे तर टीबीची गाठ आणि टेपवर्मच्या अळीची गाठ हे दोन्ही आजार आहेत आणि स्कॅनवर तेही कड चमकणारं वर्तुळ दाखवतात. मूळ कॅन्सर वर्षानुवर्षं शांत असेल आणि डोक्यात एकच डाग अचानक दिसला असेल, तर ‘हा टीबी असू शकतो का?’ हे तोंडाने विचारा. विचारल्याने कुणी रागावत नाही.

एका ठिकाणी सांगितलं सगळ्या डोक्याला शेक द्या, दुसरीकडे म्हणाले फक्त गाठीला. ऐकायचं कुणाचं?

या पानावर मी सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नाला देणार आहे, कारण इथे चुकलं तर ते परत भरून काढता येत नाही.

सगळ्या डोक्याला शेक म्हणजे साधारण दहा दिवस, रोज ३ ग्रे (ग्रे म्हणजे शेक मोजायचं माप), एकूण ३० ग्रे. काही ठिकाणी पाच दिवसांत २० ग्रे. हा जवळच्या कुठल्याही लिनॅकवर, जुन्या पद्धतीच्या कोबाल्ट मशीनवरही होतो, लगेच सुरू होतो आणि स्कॅनमध्ये न दिसणारे बारीक कणही त्यात येतात. गाठी खूप असतील, कॅन्सर मेंदूच्या आवरणात पसरला असेल किंवा फुप्फुसाचा स्मॉल सेल प्रकार असेल, तर बहुतेक वेळा तोच योग्य असतो. त्याला कमी लेखू नका.

पण त्याची किंमत स्मरणशक्तीला मोजावी लागते. २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेतला २१३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना एक ते तीन गाठी होत्या. निम्म्यांना फक्त गाठीवर शेक दिला, निम्म्यांना गाठीवर आणि शिवाय सगळ्या डोक्याला. तीन महिन्यांनी विचार करण्याची, लक्षात ठेवण्याची क्षमता घसरलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६३.५ टक्के होतं, दुसऱ्या गटात ९१.७ टक्के. सगळ्या डोक्याला शेक दिलेल्यांच्या मेंदूत नवीन गाठी कमी झाल्या, हे खरं. पण त्यामुळे कुणाचं आयुष्य वाढलं नाही.

म्हणून गाठी मोजक्या असतील, माणूस हिंडता-फिरता असेल आणि बाकी शरीरातला आजार आटोक्यात असेल, तर ‘फक्त गाठीवर शेक देता येईल का?’ हे आधी विचारायचं. ‘आमच्याकडे ती सोय नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे, ते ऐकून दुसरीकडे जाता येतं. ‘तुमच्या रुग्णाला त्याची गरज नाही’ हे वेगळं उत्तर आहे, त्यामागचं कारण समजून घ्या. ही दोन उत्तरं एकच समजून परत गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत आणि त्याचा मला आजही त्रास होतो.

सगळ्या डोक्यालाच द्यायचं ठरलं, तर मेंदूतल्या आठवणींच्या भागाला, हिप्पोकॅम्पसला, शेक चुकवता येतो का आणि सोबत मेमँटिन ही गोळी देता येईल का, हेही विचारा. दोन्हींमुळे विसरणं कमी होतं.

गाठी सात आहेत. आता एसआरएस होणार नाही ना?

होऊ शकतं. पूर्वी तीन-चारवर रेघ मारायचे. जपानमध्ये ११९४ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ५ ते १० गाठी असलेले रुग्ण २ ते ४ गाठी असलेल्यांइतकेच जगले. आता डॉक्टर आकड्यापेक्षा सगळ्या गाठींचं मिळून आकारमान बघतात, त्या कुठे आहेत ते बघतात.

किती दिवस लागतात?

उपचाराचा दिवस एक, किंवा तीन ते पाच. गाठ २ सेंटीमीटरपर्यंत असेल तर साधारण २० ते २४ ग्रे एकाच बैठकीत. गाठ वाढत जाते तसा एका वेळचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर आजूबाजूचा मेंदू भाजतो. ३ सेंटीमीटरच्या आसपास बहुधा तीन दिवसांत २७ ग्रे किंवा पाच दिवसांत ३० ग्रे असे तुकडे करतात. त्याहून मोठी, मेंदूवर दाब देणारी गाठ असेल तर आधी ऑपरेशन करून ती काढतात आणि राहिलेल्या पोकळीला शेक देतात.

मात्र आधीची तयारी, म्हणजे एमआरआय, प्लॅनिंग सीटी, भौतिकतज्ज्ञांचं मोजमाप, यात काही दिवस जातात. या दिवसांत नुसतं बसवून ठेवलंय असं वाटतं, पण खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

त्या दिवशी नेमकं काय होतं?

गॅमा नाइफला पूर्वापार डोक्याला चौकट बसवतात, चार ठिकाणी जागा बधिर करून स्क्रूने. लिनॅकवर मास्क असतो, आणि मास्क बनवणं हे माझं रोजचं काम.

प्लॅस्टिकची जाळीदार पाटी गरम पाण्यात टाकतो. पाच-सात मिनिटांत ती ओल्या कापडासारखी लुळी पडते. पाणी निथळून ती चेहऱ्यावर ताणायची, नाकाच्या उंचवट्यावर, हनुवटीखाली, कपाळावर बोटांनी दाबायची. ती थंड होऊन कडक होईपर्यंत हलायचं नाही. गरम टॉवेल ठेवल्यासारखं वाटतं, भाजत नाही, श्वास मोकळा चालतो. उतरवल्यावर कपाळावर, गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असतात, अर्ध्या तासात जातात. भोकरदनकडच्या एका आजींनी आरशात ते चौकोन बघितले आणि म्हणाल्या, ‘चाळणीवर निजले की काय मी?’ दुसऱ्या दिवशी मास्क घालताना त्यांनी स्वतःच हनुवटी वर केली.

बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा. लाजू नका. एक सौम्य गोळी देता येते, हातात घंटी देतो, ती दाबली की मी मशीन थांबवून आत येते.

मशीनखाली साधारण अर्धा-पाऊण तास. किरण दिसत नाहीत, दुखत नाही. मशीन फिरताना घरघर ऐकू येते, टेबल थोडं सरकतं. संपलं की उठून चहा प्यायचा. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

बायकांसाठी एक सांगणं: एमआरआयच्या आदल्या दिवशीच नथ, मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी काढून ठेवा. वीस-तीस वर्षं न काढलेली जोडवी ऐनवेळी निघत नाहीत, बोट सुजतं, बाई रडवेल्या होतात आणि नंबर जातो. घरीच साबणाच्या पाण्यात पाय ठेवून सावकाश काढा. पेसमेकर असेल, कानात किंवा शरीरात काही बसवलं असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा.

आमच्याकडे एमआरआयच्या फिल्म आहेत, परत कशाला काढायचा?

फिल्मवर गाठ दिसते, पण शेकाचा आराखडा फिल्मवरून होत नाही. त्यासाठी बारीक, मिलिमीटरभराच्या कापांचा, कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध, ज्याने गाठ उठून दिसते) देऊन काढलेला एमआरआय लागतो, तोही शक्यतो उपचाराच्या आठवडाभरातला, कारण गाठ थांबून राहत नाही. कॉन्ट्रास्टआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यातून कळतं. आणि फिल्मच्या पिशवीसोबत सीडी मागून घ्या, प्रत्येक वेळी. एका सेंटरने ती न दिल्यामुळे बीडकडचा एक मुलगा माझ्यासमोरून पुन्हा दोनशे किलोमीटर गेला.

डेक्साच्या गोळ्या घेतल्यावर बाबा एकदम बरे झाले. आता शेकाची गरज आहे का?

आहे. डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवतं, गाठीला हातही लावत नाही. म्हणून दोन दिवसांत माणूस चालायला लागतो, घरचे खूश होतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘बरे झाले, आता कशाला?’ घनसावंगीकडच्या एका कुटुंबाने तेच केलं, आणि गोळ्याही एका दिवसात बंद केल्या. आठव्या दिवशी बाबांना उलट्या सुरू झालेल्या अवस्थेत गाडीत घालून आणलं.

ही गोळी कधीही स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी उतरवत न्यायची. सकाळी आणि दुपारी जेवून घ्या. रात्री घेतली तर झोप उडते. साखर वाढते, डायबिटीस नसलेल्यांचीही, म्हणून ग्लुकोमीटर जवळ ठेवा. पित्त होतं. भूक खूप लागते, चेहरा सुजतो. महिनाभर चालली तर मांड्यांतली ताकद जाते, माणसाला खाली बसलेलं उठवत नाही. ती कमीत कमी डोसमध्ये, कमीत कमी दिवस राहावी, यासाठी दर भेटीत ‘आता कमी करायची का?’ असं आपणच विचारायचं.

केस जातील का? नातवाला जवळ घेता येईल का?

फक्त गाठीवर शेक असेल तर केस बहुधा जात नाहीत. गाठ कवटीलगत असेल तर छोटा चट्टा पडू शकतो. सगळ्या डोक्याला दिला तर दोन-तीन आठवड्यांत गळतात आणि काही महिन्यांनी येतात. नातवाला जरूर जवळ घ्या. शेक संपला की अंगात काहीच उरत नाही.

नंतर त्रास काय होतो?

एक-दोन दिवस डोकं दुखणं, मळमळ, थकवा. काहींना सूज तात्पुरती वाढते.

लक्षात ठेवायची गोष्ट पुढची आहे. सहा महिने ते दोन वर्षांत काही जणांच्या मेंदूत शेक दिलेल्या जागी मृत पेशींचा भाग तयार होतो, त्याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. शंभरातल्या पाच-दहा जणांना, मोठ्या गाठीत जास्त. एमआरआयवर तो हुबेहूब वाढलेल्या गाठीसारखा दिसतो. ‘गाठ परत वाढली’ असं कुणी सांगितलं, तर लगेच खचू नका. परफ्यूजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा) किंवा पेट स्कॅनने फरक बघतात. उपचार स्टेरॉइडने, कधी बेव्हॅसिझुमॅब या औषधाने, कधी ऑपरेशनने होतो.

हा बरा करणारा उपचार आहे का?

खरं सांगते. दिलेल्या जागी तो फार चांगला चालतो: लहान गाठींपैकी दहातल्या आठ-नऊ वर्षभर तरी आटोक्यात राहतात. पण कॅन्सर शरीरात आहेच आणि वर्षभरात जवळपास निम्म्या रुग्णांच्या मेंदूत दुसरीकडे नवीन गाठ दिसते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय. तो चुकवला तर एसआरएस केल्याचा अर्धा फायदा गेला असं समजा. नवीन गाठ लहान असताना सापडली तर तिला पुन्हा शेक देता येतो. असे दोन-तीनदा येऊन गेलेले, मधल्या काळात लेकीचं लग्न लावलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

नुसत्या गोळ्यांवर भागेल असं कुणी म्हणालं.

काहींच्या बाबतीत खरं आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके या जनुकात बदल सापडला तर ओसिमर्टिनिब, अलेक्टिनिब, लोरलाटिनिब या गोळ्या मेंदूतही पोचतात. गाठी बारीक असतील, त्रास नसेल, तर डॉक्टर आधी गोळ्या सुरू करून शेक राखून ठेवू शकतात. हर-२ पॉझिटिव्ह (गाठीच्या पेशींवर हर-२ हे प्रथिन जास्त असलेल्या) स्तनाच्या कॅन्सरमध्येही मेंदूत काम करणारी औषधं आली आहेत. म्हणून मूळ गाठीच्या तपासणीचे हे रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. झाडपाल्याच्या औषधावर मात्र हे आठवडे घालवू नका. कवटीच्या आत जागा नसते, सूज थांबत नाही.

जायचं कुठे, आणि पैशाचं काय?

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्यासाठी पहिलं दार. धाराशिव, लातूरकडच्यांना बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. त्यापुढे पुणे आणि मुंबईचं टाटा. फोन करून तीन गोष्टी विचारा: मेंदूचं एसआरएस महिन्याला किती होतं, नंबर किती दिवसांनी लागेल, आमच्या योजनेत बसतं का.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कोणत्या शेकाचं पॅकेज त्या दवाखान्यात मिळतं हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. रेशन कार्ड आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग आजच जुळवून बघा. ऐन दिवशी यावरच अडतं.

रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी दवाखान्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्याच भेटीत करून घ्या. देवगिरी किंवा नंदीग्रामने मुंबईला उतरल्यावर राहायची चिंता असेल, तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांसाठीच ओळखली जाते. टाटाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घेऊन जा.

आईला सांगायचं का?

माझं मत, हो. सगळे आकडे नकोत, पण ‘डोक्यात गाठ आहे, तिच्यावर शेक द्यायचा आहे’ एवढं तरी. मास्कमध्ये निश्चल पडून राहायचं असतं तिलाच. जिला काहीच माहीत नाही ती बाई आत घाबरते, हलते. आणि बहुतेक आयांना कळलेलंच असतं, त्या लेकरांसाठी गप्प असतात.

काहीच न करणं योग्य असतं का?

कधी कधी असतं. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, आजार सगळीकडे वाढत असेल, तर शेकासाठीचा प्रवासच त्याला जास्त दमवतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या ५३८ फुप्फुस-कॅन्सर रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांचं ऑपरेशन किंवा एसआरएस शक्य नव्हतं त्यांना सगळ्या डोक्याचा शेक देऊन आयुष्यात किंवा आरामात फारसा फरक पडला नाही. तेव्हा डेक्सा, दुखण्याची औषधं, घरची माणसं, स्वतःची खाट. ‘आम्ही हात टेकले’ असं मनाला लावून घेऊ नका.

शेतात कधीपासून जाता येईल? फिट आली तर?

फिरायला दुसऱ्या दिवसापासून. पण एकदा जरी फिट आली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर बंद. विहिरीच्या काठावर एकटं नाही, कडबाकुट्टीवर नाही, चुलीपुढे एकटं नाही. फिटच्या गोळीची वेळ चुकवायची नाही.

फिट आली तर कुशीवर वळवा, मानेभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक आली, तर १०८ ला फोन करून जवळच्या दवाखान्यात न्या, आणि निघताना फाइल व डेक्साची पट्टी सोबत घ्या.